अर्थिंगला पाणी

कुंडलिककाकांच्या घरात फ्रीजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला असे. घरात बाकी कुठेही कोणी चपला घालत नसे, पण फ्रीज उघडायचा तर त्या घालूनच, असा नियम होता. पाहुण्याला थंड पाणी हवं असलं की काकांच्या पत्नी साळुबाई सांगत, "पावणं, आदी पायात घाला, मग दाराला हात लावा." हे मला काकांनीच आमच्या दुकानात सांगितलं, आणि तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून. ते एक होल्डर घ्यायला आले होते.

हात लावल्यावर कसं वाटतं, असं मी विचारलं.

"पावसाळ्यात चावतं. एरवी नुसती गुदगुली."

नारायणगावात बाजारपेठेच्या रस्त्याला आमचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. २००५ साली मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. पुढे काय करायचं हे ठरेपर्यंत पप्पांबरोबर काउंटरवर बसत होते. पप्पांचं, म्हणजे माणिकचंद शेठचं, धोरण साधं होतं. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू द्यायची, चांगली द्यायची, आणि त्याच्या घरात डोकावायचं नाही. माझं बरोबर उलटं होतं. होल्डर मागणाऱ्याला मी तो कुठे बसवणार, तिथे ओल येते का, वायरिंग किती वर्षांचं, असं सगळं विचारत असे. त्यामुळे गिऱ्हाईक जास्त वेळ थांबे आणि पप्पांचा चहाचा खर्च वाढे.

काकांना मी अर्थिंग म्हणजे काय ते समजावलं. प्लगची तिसरी, जाड पिन शोभेची नसते. फ्रीजच्या आत कुठे वीज पाझरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता वायरीतून सरळ जमिनीत जावी, म्हणून ती असते. काकांच्या घरी त्या पिनेला वायरच नव्हती. लाकडी पट्ट्यांवरचं वायरिंग सतरा वर्षांचं होतं. मी कागदावर यादी केली: तीन तारांचं नवीन वायरिंग, घरामागे अर्थिंगचा खड्डा, आणि मेन स्विचजवळ ईएलसीबी. वीज जराशी जरी वाट चुकली तरी हे शेवटचं उपकरण क्षणात सगळा पुरवठा तोडतं. मजुरी धरून साडेसात हजार.

काका यादी घेऊन गेले आणि महिनाभर आले नाहीत. मग टोमॅटोचे पैसे झाल्यावर साळुबाईंना बरोबर घेऊन आले. त्या पैशांत स्वयंपाकघरात फरशी बसवायची असं घरात ठरलं होतं. साळुबाईंनी माझी यादी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "फरशी चार बायांना दिसली असती. ही वायर कुणाला दिसायची?"

मी म्हटलं, कुणालाच नाही. ती नीट असली की काहीच होत नाही, आणि काहीच न होणं हेच तिचं काम.

साळुबाईंनी पिशवीतून पैसे काढून पप्पांसमोर ठेवले. "पोरगी शिकलेली हाय. तिच्या भरवशावर देती," असं त्या पप्पांना म्हणाल्या, मला नाही.

काकांचं घर खोडदच्या अलीकडे मळ्यात आहे. भावकीचीच चार घरं, आणि विजेच्या लाईनचा शेवटचा खांब. मागे शेतांपलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या दोन तबकड्या दिसतात. काम हौशीराम वायरमनने केलं. हा माणूस हुशार आहे. शाळा आठवीपर्यंत, पण मोटर नुसती ऐकून तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. त्याने घरामागे आठ फूट खड्डा घेतला, त्यात लोखंडी पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ थरांनी भरलं. साळुबाईंनी नवीन विहिरीला फोडावा तसा खड्ड्यापाशी नारळ फोडला. मी मुद्दाम बघायला गेले होते. ईएलसीबीचं तपासणीचं बटण दाबून दाखवलं, तेव्हा खट्‌ आवाज झाला आणि घरातलं सगळं बंद पडलं. साळुबाईंनी मला ते तीनदा करायला लावलं. निघताना मी सांगितलं, की खड्ड्याची माती ओली राहिली पाहिजे, म्हणून उन्हाळ्यात अधूनमधून पाईपात पाणी घालत जा.

फ्रीजसमोरच्या चपला उंबऱ्याबाहेर गेल्या. मला वाटलं, इथे माझं काम झालं.

फेब्रुवारीच्या मध्यावर काका टोमॅटोची एक पाटी घेऊन दुकानात आले. कांद्याची आणणार होतो, पण तुमच्यात चालत न्हाई हे आठवलं, असं म्हणाले. ते खुशीत होते.

"ताई, तुझ्या अर्थिंगनं मळ्यात दिवाळी केली बघ. संध्याकाळी आख्ख्या खोऱ्यात बल्ब लाल आन आमच्या चार घरांत पांढराफेक उजेड. लोकं रस्त्यावर थांबून बघत्यात."

मी विचारलं, अर्थिंगमुळे उजेड कसा वाढेल?

त्यांनी सांगितलं ते असं. त्या वर्षी लोडशेडिंग जोरात होतं. संध्याकाळी थ्री फेज बंद व्हायचं आणि दिव्यांपुरतं सिंगल फेज उरायचं. वीज एका तारेने घरात येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. ही परतीची तार म्हणजे न्यूट्रल. मळ्यापर्यंत येईतो ती लांब, बारीक आणि जागोजाग जोड दिलेली होती. सगळ्या वस्त्यांचे दिवे एकदम लागले की तिच्यावर ताण यायचा आणि शेवटच्या खांबावरच्या घरांना उरलासुरला दाब मिळायचा. हौशीरामने परतीला दुसरी वाट काढून दिली. घराचा न्यूट्रल त्याने अर्थिंगच्या पाईपाला जोडला. परतणारी वीज तारेऐवजी जमिनीत उतरू लागली आणि बल्ब पांढरे झाले.

असं मी ऐकलेलं होतं. वस्त्यांवर लोक जमिनीत सळई ठोकून तिच्यावर बल्ब लावतात. पण सळई ती सळई. माझ्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ होतं.

"मग ईएलसीबी पडत असेल," मी म्हटलं.

"लई पडायचं. हौशीरामनं काढून दिलं. म्हागाची वस्तू, साळूनं कपाटात ठेवलंय, फडक्यात गुंडाळून."

पुढचं त्यांनी अभिमानाने सांगितलं. शेजारच्या गेणभाऊंची मुलगी यंदा दहावीला. तिला संध्याकाळी पुस्तक दिसेना. म्हणून काकांनी गेणभाऊंना आपल्या पाईपावर तार टाकू दिली. मग उरलेल्या दोन घरांनीही टाकली. साळुबाई रोज तिन्हीसांजेला आणि पहाटे पाईपात हंडाभर पाणी घालत. पाणी ओतताना उजेड वाढताना दिसायचा. त्यांनी त्याला नाव दिलं होतं: दिवा हसतो.

"तूच सांगितलं व्हतं ना पानी घालायचं," काका म्हणाले. "बाकी झ्याक हाय. फकस्त गाय संध्याकाळची पानी पीत न्हाई. हौदाला तोंड लावती आन मागं सरती. डॉक्टरनी दोन इंजेक्शनं दिली. सकाळी उन्हं वर आली की पिती. साळू म्हनती, दृष्ट लागली."

हौदात पाणी पंपाने यायचं, लोखंडी पाईपातून. पंपाच्या अंगाला तिसरी तार मी लावायला सांगितली होती, आणि ती तार त्याच खड्ड्यात गेली होती. हे सगळं लक्षात यायला मला फार तर अर्धा मिनिट लागलं असेल. चार घरांची परतणारी वीज खड्ड्यात उतरत होती. माती वाळली की ती जमिनीत शिरताना अडखळणार आणि मागे तुंबणार. तुंबणार म्हणजे फ्रीजच्या दारात, मिक्सरवर, पंपावर आणि हौदाच्या नळात. पूर्वी एकटा फ्रीज चावत होता. आता मी घरातली लोखंडाची प्रत्येक वस्तू त्याच्या रांगेत नेऊन बसवली होती. माणसाच्या आधी ते गाईला कळलं, कारण तिचं नाक ओलं आणि पायांत चपला नाहीत.

काका गेल्यावर मी पप्पांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपण पाईप विकला. तो कशाला जोडायचा हे आपण सांगितलं नव्हतं."

"पाणी घाला हे मी सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातला मल्टिमीटर घेऊन स्कूटीवर निघाले तेव्हा पप्पांनी अडवलं नाही.

दुपारी मळ्यात सगळं ठीक होतं. पंपाचं अंग आणि दहा फुटांवर जमिनीत ठोकलेला खिळा यांच्यात मीटरने जेमतेम दोन व्होल्ट दाखवले. मी थांबले. साळुबाईंनी पिठलं-भाकरी केली, माझ्यासाठी कांद्याशिवाय. साडेसहाला चारही घरांत दिवे लागले, टीव्ही लागले. मीटर चढत गेला आणि चौतीसवर स्थिरावला. मी काकांना आकडा दाखवला. गेणभाऊही आले होते. उंच, ताठ माणूस, डोक्याला फेटा. आकडा बघून ते म्हणाले, "चौतीस म्हंजी घरात येती त्याच्या किती?"

सातवा भाग, मी म्हटलं.

"मग सहा भाग सोडून सातव्याला कशापायी भ्यायचं?"

हौशीराम कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "म्याडम, आकडा मारत नसतो. महिना झाला, कुनाला कायबी झालेलं न्हाई. पुस्तकात शेवटचा खांब नसतो, तो आमच्याकडं असतो."

मी ओलं अंग, कोरडं अंग, हृदय, सगळं सांगून बघितलं. जितकं सांगत गेले तितकं ते सगळे अधिक सभ्यपणे ऐकत गेले. त्यावरून मला कळलं की काही उपयोग होत नाहीये. आत्ताच्या आत्ता तारा काढा, असं मी शेवटी म्हटलं. तेव्हा काकांनी नुसतं गेणभाऊंच्या खिडकीकडे बघितलं. आत मुलगी पाटावर पुस्तक ठेवून बसली होती. परीक्षा अकरा दिवसांवर होती.

"अकरा दिस," काका म्हणाले. "मग मीच काढतो. शब्द देतो."

साळुबाईंनी त्याच वेळी संध्याकाळचा हंडा पाईपात रिकामा केला. मीटर चौतीसवरून घसरला. मी अजून तीन हंडे घालायला सांगितलं. एकोणीस झाला. ओल्या अंगाला पंचवीसपर्यंत धोका कमी, असं मी वाचलेलं होतं. एकोणीस पंचवीसच्या खाली होता. समोर चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि खिडकीत ती मुलगी पान उलटत होती.

"अकरा दिवस चालेल," मी म्हटलं. "पण दोन्ही वेळेला चार-चार हंडे. एक वेळही चुकवायची नाही."

साळुबाई म्हणाल्या, मी हाय ना. त्यांनी ते काम माझ्याकडून औषधाच्या वेळा ऐकाव्या तसं ऐकून घेतलं. हौशीराम हसून म्हणाला, बघा, पुस्तकालाबी वाट निघते. सगळे मोकळे झाले, आणि खरं सांगायचं तर मीही झाले.

घरी पोचले तेव्हा सूर्य मावळून बराच वेळ झाला होता. आमच्याकडे त्यानंतर जेवत नाहीत. मी पाणी पिऊन वहीत दिवसाचे आकडे लिहायला बसले. पंपापाशी एकोणीस, फ्रीजपाशी एकोणीस, हौदापाशी सतरा. मग पाईपाचं चित्र काढलं आणि भोवती अंतरानुसार दाब कसा उतरतो त्याची रेघ काढू लागले. सेकंड इयरला हे आम्ही मिठाच्या पाण्याच्या ट्रेमध्ये केलं होतं. पाईपाजवळ रेघ कड्यासारखी उतरते आणि लांब गेल्यावर सपाट होते. बहुतेक सगळा दाब पहिल्या दोन-तीन फुटांतच संपतो.

त्या दोन-तीन फुटांत कोण उभं असतं, हे मी लिहायला घेतलं आणि पेन थांबलं.

साळुबाई उभ्या असतात. अनवाणी, चिखलात, हातात पितळी हंडा, आणि हंड्यातून पाण्याची धार सरळ पाईपात. आख्ख्या मळ्यात त्याहून वाईट जागा नव्हती. मी पंप मोजला, फ्रीज मोजला, गाईचा हौद मोजला, आणि त्या उभ्या राहतात ती जागा सोडून दिली. शिवाय माझा एकोणीसचा आकडा खांबावरचा जुना न्यूट्रल शाबूत आहे तोवरचा होता. काही वीज अजून त्या वाटेने परत जात होती. वाऱ्याने त्याचा एक जोड सुटला तर चारही घरांचा सगळा भार खड्ड्यावर येईल आणि आकडा शंभराच्या वर जाईल. वारा सुटायला मार्च लागत नाही. आणि पाणी एकाऐवजी चार हंडे घाला, हे मी सांगून आले होते. म्हणजे त्या तिथे चौपट वेळ उभ्या राहतील.

मळ्यात फोन फक्त गेणभाऊंकडे होता. आठ वाजले असतील. मी त्यांना सांगितलं, की साळुमावशींना निरोप द्या, पाणी अजिबात घालू नका, पाईपाजवळ जाऊ नका, मी सकाळी येते. ते म्हणाले, बरं. इतकं लगेच म्हणाले की मला बरं वाटलं नाही.

पहाटे साडेपाचला मी निघाले. मळ्यात शिरले तेव्हा गेणभाऊंच्या खिडकीत पांढराशुभ्र उजेड होता आणि साळुबाई घरामागे कमरेवर हंडा घेऊन उभ्या होत्या. दोन रिकामे हंडे बाजूला, तिसरा ओतायच्या बेतात. मी स्कूटी उभी न करता तशीच आडवी टाकली आणि त्यांना मागे व्हा म्हणून ओरडले. त्या दचकून मागे सरल्या. पाणी पायांवर सांडलं.

"काय गं? तूच म्हनली व्हतीस ना चार."

निरोप मिळाला नाही का, असं मी विचारलं. कसला निरोप, असं त्यांनी विचारलं. काका बाहेर आले, पाठोपाठ गेणभाऊ. फोनचं मी विचारलं तेव्हा गेणभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, इसारलो. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी खिडकीकडे. पाणी बंद झालं असतं तर तो उजेड लाल झाला असता.

मी काकांना म्हटलं, तारा आत्ता काढायच्या, अकरा दिवसांनी नाही.

"ताई, काल तूच म्हनली चालंल," काका शांतपणे म्हणाले. "आकडाबी सांगितला. रातीत काय बदललं?"

"काही बदललं नाही. मी चुकीच्या जागी मोजलं."

"मग आज बरुबर जागी मोजलं?"

अजून नाही, मी म्हटलं. काका मला खोटं पाडत नव्हते. काल एक म्हणणारी आणि आज दुसरं म्हणणारी मुलगी, यातल्या कुठल्या मुलीचं ऐकायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. गेणभाऊ म्हणाले, शिकलेल्या मानसाचा रोज येगळा हिशोब. मी पिशवीतून मीटर काढला. पाईपापाशी एक खिळा आणि पावलाच्या अंतरावर दुसरा ठोकायला वाकले. खिळा वाकडा जात होता.

साळुबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हंडा खाली ठेवला.

"नगं मोजू," त्या म्हणाल्या. "मला हाय ठावं. पानी घालताना रोज पोटऱ्यांत कळा येत्यात. पयला हंडा घातला की पाय उचलाया जीवावर येतं. मला वाटलं वय झालं."

काका म्हणाले, "कवापासनं?"

"तार जोडल्यापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"उजेड पडत व्हता ना," साळुबाई म्हणाल्या. "चार घरात पडत व्हता. मी काय बोलायचं?"

काका तिथेच चिखलाच्या कडेला उभे होते. त्यांनी साळुबाईंच्या पायांकडे बघितलं, मग पाईपाकडे. मग वळून घरात गेले आणि पक्कड घेऊन आले. मी आधी काकांचा मेन पाडला. मग बाकीच्या तिन्ही घरांत स्वतः जाऊन मेन पाडायला सांगितलं. गेणभाऊंच्या घरी तो त्यांच्या मुलीने पाडला. आत अंधार झाला तेव्हा ती पुस्तक उचलून उंबऱ्यात येऊन बसली. बाहेर झुंजुमुंजू झालं होतं.

काकांनी चारही तारा पाईपावरून सोडवल्या, आपली सगळ्यात आधी. कपाटातून फडक्यात बांधलेला ईएलसीबी साळुबाईंनीच आणून दिला. हौशीराम आल्यावर त्याने तो बसवला. काम संपल्यावर तो काकांना म्हणाला, संध्याकाळी दिवा लाल दिसला की मला बोलवू नका. मी काकांना खरा उपाय सांगितला. शेवटच्या तीन खांबांवरचा न्यूट्रल नवीन, जाड तारेचा करून घ्यायचा. त्यासाठी चारही घरांनी मिळून वीज कंपनीला अर्ज द्यायचा, तारेचा खर्च अंगावर आला तर वर्गणी काढायची. तीन आठवडे तरी जातील. काका म्हणाले, बघू. गेणभाऊंनी आपली तार पाईपापासून कुंपणापर्यंत सोडवून गुंडाळी केली, काखेत घातली आणि कुणाकडेही न बघता घरी नेली. साळुबाई मला चहा घे म्हणाल्या. मी घेतला. त्यांच्या पायांकडे मला बघवत नव्हतं. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याने काहीच सोपं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी, सकाळी दुकान उघडून तासही झाला नसेल, गेणभाऊ आले. पप्पांना रामराम केला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेठ, एक अर्थिंगचा पाईप द्या. आठ फुटी. कोळसा आन मीठ मी बगतो."

पप्पांचा हात सवयीने पाईपांच्या रॅककडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाईक समोर असताना त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

मी गेणभाऊंना विचारलं, "तुमच्याकडे पाणी कोण घालणार?"

"पोरगी," ते म्हणाले. "तिच्याचसाठी हाय, तीच घालील. अभ्यासाला बसायच्या आदी."

दोन दिवसांपूर्वी मी व्होल्ट सांगितले असते. आता मी त्यांना साळुबाईंच्या पोटऱ्यांबद्दल सांगितलं, आणि मी कुठे चुकले ते सांगितलं. चार हंडे घालायला मीच सांगितलं होतं, हेही पुन्हा सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. पप्पांनी तोवर वरच्या फळीवरून चार्जिंगचा ट्यूबचा दिवा काढून पुसून काउंटरवर ठेवला. दुपारी दाब चांगला असतो तेव्हा चार्ज करायचा, संध्याकाळी चार तास चालतो, एवढंच ते म्हणाले. किंमत त्यांनी खरेदीची सांगितली. ती मला ठाऊक होती म्हणून कळलं.

गेणभाऊंनी दिवा लावून, विझवून बघितला. पैसे दिले आणि दिवा पिशवीत ठेवला.

"दिवा पोरीचा झाला," ते म्हणाले. "पर घरात म्हातारी हाय, पंखा लागतो. टीव्ही हाय. दोन म्हैने उन्हाळा काढायचाय. तुमचा अर्ज कवा पास व्हायचा? पाईप देता का न्हाई, तेवढं सांगा."

"नाही," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. फेटा सारखा करून पायऱ्या उतरले आणि रस्ता ओलांडून समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर नवाकोरा पाईप होता. ते खोडदच्या जीप लागतात त्या बाजूला चालू लागले.

पप्पा म्हणाले, "मिळणारच होता त्याला."

मी गल्ल्याच्या खणातून स्कूटीची किल्ली घेतली.

"कुठे? तो काही तुझं ऐकायचा नाही."

"त्यांना नाही सांगायचं," मी म्हटलं. "मुलगी आज घरीच असेल. तिला सांगते, कुठे उभं राहायचं नाही ते."

पप्पांनी मल्टिमीटर माझ्यापुढे सरकवला. मी तो तिथेच ठेवून निघाले.